समोर काढलेली धार

संघप्रियाचं डोकं ठिकाणावर नाही, असं २००३ साली माझं ठाम मत होतं. राजारामपुरीतल्या आमच्या एका खोलीच्या कंपनीत तिनं गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिला आणि तो उघडाच ठेवला. कुणीही आतला कोड बघावा, बदलावा, पुढं द्यावा. तिनं लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि खोलीचं भाडं भागवायला मी दारोदार फिरायचं.

अशात पुण्याची एक कंपनी प्रोग्रॅम विकत घ्यायला तयार झाली. अट एकच, इथून पुढं कोडला कुलूप. नाही म्हटलं असतं तर दिवाळीपर्यंत आमचं दुकान बंद पडलं असतं. संघप्रिया म्हणाली, सही कर, पण आधी गगनबावड्याच्या संस्थेत चल.

तिथल्या अध्यक्ष बनाबाईंनी संगणकाचा पडदा खिडकीतून बाहेर, रांगेकडं फिरवला होता. दूध मोजलं की फॅट, दर आणि घालणाऱ्या बाईचं नाव मोठ्या अक्षरांत उमटायचं. एरवी संस्थेच्या वहीत नावं असतात नवऱ्यांची. हे आम्ही लिहिलेलंच नव्हतं.

संघप्रियानं कोड उघडला. मोठी अक्षरं बिद्रीकडच्या संस्थेनं घातलेली, बायकांची नावं नृसिंहवाडीकडच्यांनी, वीज गेली तरी हिशेब टिकवायची युक्ती इथलीच. प्रत्येक बदलाखाली गावाचं नाव. बदललेल्या प्रोग्रॅमची फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुधाच्या गाडीवाल्याकडं द्यायची, ती फिरत फिरत पुढच्या गावी पोचायची. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं आमचं काम आमच्याहून पुढं घेऊन गेली होती.

तरी पोटाचा प्रश्न सुटत नव्हता. मी बनाबाईंना पुण्याचं सगळं सांगितलं. उघडं ठेवून आम्ही जगायचं कसं, असंही विचारलं.

"पावणं, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकाच्या समोर काढत्यात," त्या म्हणाल्या. "समोर काढली म्हणून कोण फुकट पितंय व्हय? समोर काढत्यात म्हणूनच लोक जात्यात की. मशीन अडलं की तुम्ही या, वर्साचं पैसं आमी देतो. बाकीच्या संस्थास्नी बी सांगतो. पर कुलूप घालू नगासा."

खिडकीशी चिमणाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांचं दूध मोजून झालं होतं, पण पडद्यावर स्वतःचं नाव होतं तोवर त्या जागच्या हलल्या नाहीत. मागं रांग खोळंबली, तरी कुणी त्यांना घाई केली नाही.

मी फोनचा बूथ शोधला आणि पुण्याला नकार कळवला.