इथे गोल झाला, शपथ

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते शाळेचं खेळाच्या सामानाचं कपाट. पूर्वी माझा काय थाट होता! मग सगळ्यांकडे फोन आले आणि मी फाटकी जाळी, हवेचा पंप आणि वास मारणारे मोजे यांच्या शेजारी जाऊन पडलो.

मैदानावर फोनला बंदी आली, तेव्हा कुठे माझं नशीब उघडलं. मुलींच्या फुटबॉल संघाला आपल्या हंगामाचा व्हिडिओ करायचा होता. कप्तानाची आई परिचारिका. सामना असला की तिची हटकून ड्युटी. आईने आपला खेळ एकदा तरी पाहावा, एवढंच कप्तानाच्या मनात होतं.

मला सांभाळायचं काम राखीव खेळाडूकडे आलं. आवाजामुळे तिला सगळ्या हॉर्न म्हणत. तिचे बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत, त्यामुळे लाल दिवा म्हणजे थांबा, हे तिच्या अंगात भिनलेलं. माझा लाल दिवा लागला की मी चित्रण करत असतो, हे तिच्या गावीही नव्हतं. खेळ सुरू झाला की ती दिवा विझवायची, मध्यंतर झालं की लावायची आणि मला गळ्यात लटकवून हिंडायची.

संघ हरत राहिला. शेवटच्या सामन्यात मात्र कप्तानाने गोल मारला, हंगामातला एकुलता एक. आणि मित्रांनो, मी बंद होतो.

व्हिडिओ जोडायला सगळ्या संगणकाच्या खोलीत जमल्या. पडद्यावर बूट आले, गवत आलं, कोणाचा तरी कान आला. "हार-जीत महत्त्वाची नाही" असं संघाला समजावून बाकामागे गेलेले, तिथे बाटलीला लाथ मारून पाय धरून नाचणारे प्रशिक्षक सरही आले.

"तेवढं काढून टाका," सर म्हणाले.

"मग उरतं काय, सर?" संगणकाच्या बाईंनी विचारलं.

कप्तानाचा चेहरा उतरला. "माझा गोल कुठेय गं?"

"लाल असताना थांबायचं असतं ना," हॉर्न म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

पण गोल झाल्यावर हॉर्नने मला 'थांबवलं' होतं, म्हणजेच सुरू केलं होतं. तेवढ्यात कप्तान धापा टाकत थेट माझ्यासमोर आली होती. बाईंनी तो तुकडा ठेवला आणि त्याच्याआधी एक काळी पाटी जोडली. पाटीवरचा मजकूर हॉर्नचा: 'इथे गोल झाला. शपथ.'

व्हिडिओ दाखवला त्या दिवशी कप्तानाची आई ड्युटी बदलून, गणवेशातच आली. सरांच्या नाचाला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. हसून हसून लोकांची पोटं दुखायला लागली. मग काळी पाटी आली आणि मागोमाग घामाने थबथबलेला तो चेहरा.

"आई, बघितलंस का?"

"बघितलं गं बाई," खुर्चीतून आई मोठ्याने म्हणाली. कोणीही हसलं नाही.

हल्ली मी वरच्या खणात असतो, मोज्यांपासून लांब. हॉर्नने माझ्या पोटावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'लाल म्हणजे चालू.' मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसत जा, बॅटरी वेळेवर भरत जा. आणि दिवा लाल असेल तर माझ्यासमोर जरा जपून वागा. विश्वास बसत नसेल तर सरांना विचारा.