ग्वाल्हेरचा चिनी गुलाब

"पूरा मोथा माजलाय. एवढं तण, पण कुणी खुरपं म्हणून लावलं नाही," वाफ्यात बसून हे पुटपुटत होते.

सरकारी कचेरी हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाई, उन्हाळ्यात इंदूरला येई; तिच्यामागे हेही. मागच्या खेपेला तिकडच्या घरमालकिणीकडून चिनी गुलाबाच्या काड्या आणून यांनी अंगणभर लावल्या. मी पाणी रोज घातलं. मोथ्याला मात्र हात लावला नाही.

आज टांग्यातून उतरले ते थेट वाफ्यात. माझ्या कानाशी पिकलेले केस दिसले नाहीत, मोथा दिसला. एकेक काडी बोटांनी अलगद बाजूला सारून ते गाठी उकरत होते.

"मी काढू लागते," मी म्हटलं.

"नको. तू काड्या तोडशील."

हातातला चहा निवला. ओसरीवर वाती वळणाऱ्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दत्तू, तिकडे दुसरं घर मांडलंयस का रे?"