इंदुमतीबाईंचे तक्ते

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वर्ष उलटलं होतं. त्या वेळच्या दंगलीत मराठवाड्यातून पळून हैदराबादेत आलेल्यांची मुलं शाळेत कुणाशेजारी बसतात, हा इंदुमतीबाईंच्या अभ्यासाचा विषय. मानववंशशास्त्र म्हणे! शेजारणींनी त्यांचं नाव सरळ 'जनगणनावाली' ठेवून टाकलं.

नारायणगुड्यातल्या एका मराठी शाळेतल्या चाळीस मुलांचे तक्ते बाईंनी भरले. जीव मुठीत घेऊन आलेल्या या लोकांकडे ना दाखला, ना कागद. शाळेत आडनाव विचारलं की गावाला 'कर' लावायचं नि मोकळं व्हायचं. पाथरीची चतुराबाई अशीच पाथरीकर झाली, आणि तिची भामा पहिल्या बाकावर बसायला लागली. जात कोण विचारतंय? बाईंनी विचारली! घरी जाऊन, चहा पिऊन, "कुणाला कळणार नाही हो" म्हणून विचारली. चतुराबाईनं विश्वासानं सांगितली.

आणि एवढ्या शिकलेल्या बाईंनी करावं काय? रोज ओझं कशाला वाहायचं म्हणून तक्त्यांचा गठ्ठा ठेवला हेडमास्तरांच्या कपाटात.

सोमवारी येऊन बघतात तर भामा व्हरांड्यात, तरटावर. सोबत आणखी सहा मुलं. पाण्याचा माठही वेगळा.

बाई तरातरा हेडमास्तरांच्या खोलीत शिरल्या. "केशवराव, लाज नाही वाटत? राज्य बदललं, तुम्ही कधी बदलणार?"

केशवराव तीन पिढ्यांच्या सरकारी नोकरीतल्या घरचे, आवाज म्हणून चढवायचे नाहीत. "परेशान होऊ नका, बाई. इतर पालकांची तक्रार होतीच, पण कोण कुठला ते कळत नव्हतं. तुमचे तक्ते फार कामाला आले. अक्षर काय सुरेख हो तुमचं!"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी गठ्ठा ओढला आणि टराटरा फाडला. केशवरावांनी शांतपणे हजेरीपट पुढे सरकवला. सगळं त्यात उतरवून झालं होतं.

फाटकाशी चतुराबाई भामाला घ्यायला आली होती. बाईंना रडू फुटलं. "चुकलं हो माझं! मी वर अर्ज करते. मोठ्या साहेबांना भेटते."

"अर्ज नक्को," चतुराबाई म्हणाली. "उद्या हिला पलीकडच्या हिमायतनगरच्या शाळेत घालते."

"मी येते बरोबर. तिथं माझी ओळख आहे."

चतुराबाईनं भामाचं दप्तर काखेत मारलं. "बाई, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली, "त्या शाळेत तेवढं येऊ नका."