खिडकीबाहेरचं इंग्रजी

पेनिसिमानीला मुकादम व्हायचं होतं, आणि त्यामागे काही थोर महत्त्वाकांक्षा वगैरे नव्हती. मुकादमाला बसायला मिळतं, एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनव्हेलच्या त्या द्राक्षांच्या शेडमध्ये मुकादम दिवसभर गार खोलीच्या दाराशी बसतो, हातात वॉकी-टॉकी धरतो आणि खोकी दुसऱ्यांकडून उचलून घेतो. आजवर हे दुसरे म्हणजे बहुतेक वेळा पेनीच असायचा. त्याचा उजवा गुडघा आता नुसती पायरी दिसली तरी कुरकुरायला लागला होता. आणखी एक हंगाम खोक्यांखाली काढलास तर पाय कामातून जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणजे डॉक्टरनं ते त्याच्या बायकोला, सेलाला, सांगितलं आणि सेलानं त्याला त्यांच्या टोंगा बेटांवरच्या भाषेत सांगितलं, डॉक्टरनं खात्रीनं वापरले नसतील अशा शब्दांत.

अडचण इंग्रजीची होती. नव्या नियमाप्रमाणे मुकादमाकडे इंग्रजी बोलता येत असल्याचं प्रमाणपत्र पाहिजे, असं शेडचा मॅनेजर ब्रेट म्हणाला. कुठे अपघात झाला तर ॲम्ब्युलन्सवाल्याशी कोण बोलणार? पेनीचं इंग्रजी म्हणजे ‘येस बॉस’, ‘नो बॉस’ आणि रग्बीच्या मैदानावर शिकलेले काही शब्द. ते शब्द ॲम्ब्युलन्सवाल्याच्या कानावर घालण्यासारखे नव्हते.

म्हणून तो सभागृहातल्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागला. वर्गाचं नाव ‘रोजचं आणि धंद्याचं इंग्रजी’. शिकवायला ग्लेनिसबाई होत्या, बेंडिगो शहरातून नुकत्याच आलेल्या, उत्साहानं नुसत्या फसफसणाऱ्या. पेनीच्या बाजूला थान नावाचा व्हिएतनामी बेकरीवाला बसायचा आणि डुलक्या काढायचा, कारण बिचारा पहाटेपासून पाव भाजत असायचा. पुस्तक मात्र अजब होतं. त्यातल्या माणसांना काही कामधंदाच नव्हता. ती सारखी एकमेकांना स्टेशनचा रस्ता विचारायची. रॉबिनव्हेलला माणसांची रेल्वे येणं बंद होऊन जमाना झाला, तरी वर्गातल्या प्रत्येकाला स्टेशनला जाण्याचे तीन वेगवेगळे रस्ते तोंडपाठ झाले.

धंद्याच्या इंग्रजीत तर याहून मौज. नोकरीच्या मुलाखतीला गेलं की आपणच आपली आरती ओवाळायची, असं ग्लेनिसबाईंनी शिकवलं. मी फार मेहनती आहे, मी वेळेचा पक्का आहे, मी सगळ्यांना बरोबर घेऊन चालतो. पेनीला घाम फुटला. टोंगन माणूस भलामोठा डुक्कर भाजून लग्नाच्या मांडवात आणतो आणि म्हणतो, हे आपलं काहीतरी फुटकळ आणलंय, माफी असावी. असल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं स्वतःला वेळेचा पक्का म्हणायचं? पण गुडघ्यासाठी त्यानं तेही घोकलं. गाडी चालवताना घोकलं, चर्चमध्ये पाद्रीबुवा पापावर बोलत असताना मनात घोकलं. अखेर त्याला ‘मी उत्तम मुकादम होईन’ हे वाक्य लाज न वाटता म्हणता यायला लागलं.

आणि मग एका संध्याकाळी दार उघडून त्याची थोरली बहीण, तोआकासे, वर्गात आली.

पेनी उठला आणि बाहेर गेला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. टोंगात बहीण खोलीत आली की भाऊ उठतो. मिसरूड फुटल्यापासून तो तिच्यासमोर मोठ्यानं हसला नव्हता, तिच्याबरोबर एक सिनेमा पाहिला नव्हता, तिच्याशी निरोपापलीकडे बोलला नव्हता. तिला काही सांगायचं तर सेलाला सांगायचं, तिला काही द्यायचं तर पोरांच्या हाती द्यायचं. बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. मान जितका मोठा तितकं अंतर मोठं, आणि पेनीनं ते अंतर आयुष्यभर इमानानं राखलं होतं. तोआकासे विधवा होती, त्याच शेडमध्ये द्राक्षं निवडायच्या पट्ट्यावर काम करायची. दवाखान्यात दर वेळी नातीला दुभाषी म्हणून न्यायचा तिला कंटाळा आला होता. आपला भाऊ याच वर्गात आहे हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ते तिला कोण सांगणार? सांगायचं काम सेलाचं, आणि सेला विसरली.

पेनी वर्ग सोडू शकत नव्हता आणि वर्गात बसूही शकत नव्हता. त्यानं मधला मार्ग काढला. कचऱ्याच्या मोठ्या डब्यांशेजारी एक बादली पालथी घातली आणि खिडकीखाली बसून तो शिकायला लागला. ग्लेनिसबाईंनी डोकं बाहेर काढून हे काय म्हणून विचारलं. पेनीनं असेल नसेल ते इंग्रजी गोळा करून सांगितलं, ‘ती बहीण. म्हणून मी बाहेर.’ ग्लेनिसबाईंना वाटलं, भावाबहिणीचं भांडण आहे. पुढच्या वर्गाला त्यांनी कौटुंबिक समुपदेशनाचं एक गुळगुळीत पत्रक त्याला खिडकीतून दिलं. मुखपृष्ठावर एक गोरं कुटुंब कुत्र्याला कवटाळून हसत होतं. पेनीनं त्या पत्रकानं डास हाकलले.

असा हा वर्ग चालला. आतून प्रश्न यायचा, खिडकीखालून उत्तर जायचं. थान डुलकीतून जागा होऊन खिडकीकडे बघायचा, खिडकीच बोलते आहे असं वाटून. एकदा धडा कपड्यांच्या दुकानाचा निघाला. पुस्तकातली बाई दुकानदाराकडे आतल्या कपड्यांची मापं विचारत होती आणि वाचायची पाळी तोआकासेची आली. पहिलं वाक्य कानावर पडताच पेनी बादली तिथेच टाकून जो निघाला तो थेट नदीच्या पुलावर जाऊन थांबला. त्या धड्याचा एक शब्दही त्याला आला नाही, आणि आजही तो इंग्रजीत साधी चड्डी विकत घेऊ शकत नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र ग्लेनिसबाई अडल्या. परीक्षेचं बोलणं यंत्रावर रेकॉर्ड होऊन बेंडिगोच्या कार्यालयात जाणार होतं, आणि बेंडिगोवाले खिडकीबाहेरचं इंग्रजी ऐकून घेणार नव्हते. पेनीला आत यावंच लागलं. आणि बाईंनी जोड्या लावल्या त्या आडनावांवरून, सोयीचं पडेल म्हणून. विधवा झाल्यावर तोआकासेनं बापाचं आडनाव परत लावलं होतं.

‘तुम्हा दोघांना सोबत छान मोकळं वाटेल,’ असं काहीसं बाई म्हणाल्या.

पेनी भिंतीकडे तोंड करून बसला. तोआकासेनं खुर्ची सरकवता येईल तितकी लांब सरकवली. विषय होता मुलाखतीचा. ती मालक, तो उमेदवार. यंत्रावरचा लाल दिवा लागला आणि तोआकासेनं जमिनीकडे बघत पुस्तकातला प्रश्न विचारला, की ही नोकरी आम्ही तुम्हालाच का द्यावी?

उत्तर पेनीला पाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण झोपेत विचारणारी बहीण नसती. तिच्यासमोर बसून मी फार मेहनती आहे, मी उत्तम आहे, असं म्हणायचं? त्याची बोबडी वळली. ग्लेनिसबाईंनी भिंतीपाशी येऊन मान हलवून धीर दिला. थाननं मागून कुजबुजत पहिला शब्द पुरवला. लाल दिवा चालू होता, पेनीच्या मानेवरून घाम उतरत होता, आणि मुकादमकी हातची निघाली हे खोलीत सगळ्यांना दिसत होतं.

तोआकासेनं पुस्तक मिटलं. ती यंत्राकडे वळली आणि इंग्रजीत बोलायला लागली. ते इंग्रजी असं होतं, की मराठीत आणायचं तर मोडूनतोडूनच आणावं लागेल.

‘हा बोलणार नाही. मी बोलते. हा माझं भाऊ. आमची बाप मेला, तेव्हा हा लहान मुलगा. शाळा सोडला, मासे पकडला. मग इकडे आला, द्राक्षं. माझा तीन मुलं, शाळेत कोण पाठवला? हा पाठवला. माझा नवरा मेला, विमानाचं तिकीट कोण पाठवला? हा. मी कधी थँक यू नाही म्हणाली. आमच्या भाषेत बहीण भावाला असं तोंडावर नाही बोलत. पण ही आमची भाषा नाही. तर थँक यू.’ मग तिनं दम घेतला. ‘याचं गुडघा वाईट आहे. मला कोणी नाही सांगितला. चर्चमध्ये गुडघे टेकतात सगळे, हा नाही टेकत, देवाला उभा राहून बघतो. त्याला नोकरी द्या. संपली.’

पेनी उठला आणि बाहेर गेला. कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहून तो रडला. हुंदके आत ऐकू जात होते आणि यंत्रावरही आले असणार. ग्लेनिसबाईंनीही नाक पुसलं आणि मग नियम तो नियम म्हणून लाल दिवा बंद केला.

बेंडिगोचा निकाल आला. तोआकासे उत्तम श्रेणीत पास, शेरा ‘आत्मविश्वासानं आणि मनापासून बोलतात’. पेनिसिमानी अनुत्तीर्ण, शेरा ‘बोललेच नाहीत’.

सेलानं त्याला धारेवर धरलं. ‘इतके महिने कचऱ्याच्या वासात बसून शिकलास. आणि ऐन वेळी तोंडातून गुड मॉर्निंगसुद्धा निघू नये?’

‘ती बसली होती समोर.’

‘मग डोळे मिटायचे होतेस. नाहीतरी सगळं आयुष्य तसंच काढलंस.’

सेलानं रागारागानं त्याच्या पानात दोन मोठे रताळ्याचे तुकडे वाढले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. तिला त्याच्या पायाची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की ती आदळआपट करायची.

हंगाम तोंडावर आला होता आणि ब्रेटला प्रमाणपत्रवालं माणूस पाहिजे होतं. शेडमध्ये असं एकच होतं. त्यानं तोआकासेला मुकादम हो म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. ते काम माझ्या भावाचं आहे, मी घेतलं तर मला त्याच्या दारात जायला तोंड उरणार नाही, असा निरोप तिनं सेलाजवळ दिला. शुक्रवारी कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायच्या बैठकीत पुरुषांनी पेनीची यथेच्छ टर उडवली. टोंगात बहिणीच राज्य करतात, हे त्या ब्रेटला आपल्याआधी कसं कळलं, असं एकानं विचारलं. पेनी हसला, पण कावा त्याला कडू लागला. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटत होतं. तो पाय घेऊन परत खोक्यांखाली जायचं म्हणजे काय, हे त्याला पक्कं माहीत होतं.

घरी येऊन तो सेलाला म्हणाला, ‘सांग तिला, घे म्हणावं. नाहीतर मिल्ड्युरा गावचं कुठलंतरी कालचं पोर येईल आणि मला दोस्त दोस्त म्हणत हुकूम सोडेल. तिचे हुकूम मी जन्मल्यापासून ऐकतोच आहे.’

तोआकासेनं काम घेतलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी उन्हानं पत्रा तापला होता. गार खोलीच्या दाराशी तोआकासे होती, म्हणून पेनीनं आपण होऊन बाहेर अंगणात ट्रकवर खोकी चढवायचं काम घेतलं. दुपारपर्यंत त्याचा पाय खांबासारखा ताठ झाला. तो ट्रकला टेकून उभा राहिला, कुणाला दिसू नये म्हणून पलीकडच्या बाजूला. तेवढ्यात कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला. शेडमधल्या प्रत्येकाच्या कमरेचा खरखरला, कारण सगळ्यांचा चॅनेल एकच.

‘पेनिसिमानी,’ इंग्रजीत तोआकासेचा आवाज आला. ‘पाय कसं आहे?’

बहिणीनं भावाच्या पायाबद्दल विचारायचं, तेही चारचौघांत. पट्ट्यावरच्या टोंगन बायकांचे हात थांबले. पेनीनं बटण दाबलं आणि पुस्तकात होतं ते उत्तर दिलं, की बरा आहे, आभारी आहे.

यंत्र पुन्हा खरखरलं.

‘खोटं. खरं बोल.’

पेनीनं इकडे तिकडे पाहिलं. समोर फक्त ट्रक होता आणि त्यापलीकडे द्राक्षांच्या रांगा. ती दिसत नव्हती, तिला तो दिसत नव्हता. जे त्यानं सेलाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं आणि स्वतःशीही कधी धड कबूल केलं नव्हतं, ते त्यानं परक्या भाषेतल्या दोन शब्दांत बहिणीला सांगितलं.

‘फार दुखतं.’

‘मग बस.’

‘खोकी आहेत अजून.’

‘खोकी दुसरा उचलेल. मी बघते कोण नाही उचलत. तू बस.’

पेनी बसला. ट्रकच्या अलीकडच्या बाजूला येऊन, सगळ्यांच्या देखत, पाय लांब करून बसला.