मोकळी चौकट

मित्रांनो, मी एक जुना कोड आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. आमच्यात तेवढ्यातच म्हातारपण येतं. जे. पी. नगरातल्या एका पाळणाघरासाठी संहितानं मला लिहिलं, तेव्हा तिची तान्ही लेक ऋचा तिच्या मांडीवर झोपली होती.

माझं काम मधल्या माणसाचं. आईबाबा मोबाइलवर मुलाची माहिती भरत. ती भरली, की वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक कामं लावून देणारी साखळी, मला जागं करी. मी उत्तरं नीट लावून कागद बनवणाऱ्या सेवेकडे देई, आणि ती सुबक कार्ड तयार करी. नाव, फोटो, काय आवडतं, काय सोसत नाही. स्वयंपाकघरात ती कार्डं बघूनच मुलांना वाढत.

एकच खोट होती. एखादी चौकट मोकळी असली, की ती सेवा अडून बसे. मग पाळणाघराच्या वसुमती अक्का फोन करून आईला विचारत आणि आपल्या कानडीमिश्रित मराठीत वैतागत.

"संहिता, स्वल्प बघ गं. तुझं यंत्र माझ्या सासूसारखं रुसतं!"

"सरी अक्का, आता नाही रुसायचं."

तिनं माझ्यात एक ओळ घातली : चौकट मोकळी दिसली, तर 'काही नाही' लिही.

मग कार्ड कधी अडलं नाही. अक्का आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत. मी फुगत गेलो.

बेळगावहून आलेल्या पवित्रानं आपल्या मुलाची, श्रीहर्षची माहिती भरली. त्याच्या अंगावर गांधी उठत, पण कशानं, ते कळलं नव्हतं. रिपोर्ट यायचा होता. 'काय सोसत नाही?' ही चौकट तिनं मोकळी सोडली. मोकळी असली की अक्कांचा फोन येतो, असं पूर्वी तिथे मूल ठेवलेल्या शेजारणीनं सांगितलं होतं. तेव्हाच सगळं सांगू, असं तिनं ठरवलं.

फोन आला नाही. मी लिहून टाकलं होतं, 'काही नाही'.

सकाळी बाबा श्रीहर्षला सोडून गेले. दुपारी चपातीबरोबर शेंगदाण्याची चटणी होती. त्याचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. अक्का त्याला उचलून अनवाणीच रिक्षात बसल्या.

पोर वाचलं. पण पवित्रा ते कार्ड घेऊन आली.

"अक्का, हे कुणी लिहिलं? मी नाही लिहिलं."

अक्कांनी बोलावून घेतलेली संहिता कशीबशी बोलली, "मी... कार्ड अडू नये म्हणून."

"अडू द्यायचं होतं की वो!"

मित्रांनो, मला मान नाही, नाहीतर खाली घातली असती.

संहितानं ती ओळ पुसली, आणि चौकट मोकळी दिसली तर थांब, असं लिहिलं. श्रीहर्ष पुन्हा येऊ लागला. पवित्रा रोज स्वयंपाकघराच्या दाराशी थांबते, त्याच्या कार्डावरून बोट फिरवत एकेक शब्द वाचते, मगच जाते. ते बोट फिरतं, तेव्हा आपण नव्यानं लिहिलेलंही खोटंच आहे, असं मला वाटत राहतं.

माहीत नसेल तिथे अडा, मित्रांनो. अडल्यानं कुणी लहान होत नाही.

परवा पुन्हा एक चौकट मोकळी आली. मी थांबलो.

"रुसलं बघ परत!" अक्का पुटपुटल्या, आणि त्यांनी फोन उचलला.