पडद्यावरची रेघ

सकाळी अकरा वाजता दुकानात एका बाईंनी माझ्या पडद्यावर बॉलपेनने रेघ ओढली. मित्रांनो, मी पुस्तके वाचायचा ई-रीडर. वयाने जुना, रंगाने करडा. ती रेघ अजून गेलेली नाही.

कारखान्यातल्या ज्या खोलीत माझा जन्म झाला, तिथे धुळीच्या धाकाने माणसेही टोपी घालून, बूट झाकून येत. माझा पडदा कागदासारखा निस्तेज. ना रंग, ना गाणी. औषधे विकणाऱ्या एका फिरत्या माणसाने मला घेतले आणि दवाखान्यांच्या बाकांवर बसून ढीगभर पुस्तके संपवली. "हा माझा जिवाभावाचा सोबती," असे तो ज्याला त्याला सांगे. मग त्याने मोठा फोन घेतला आणि सोबती मोज्यांच्या खणात गेला. तिथून जुन्या यंत्रांच्या त्या दुकानात. तेव्हापासून कोणी माझी स्तुती केली, की मी आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते पाहतो.

आज दुकानदार माझी स्तुती करत होता. बाई निवृत्त मुद्रितशोधक. छापण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकण्यात आयुष्य गेलेले. त्यांचा एक डोळा गेला आहे, दुसरा लवकर पाणावतो. तोही थकला, की वाचन संपले.

"इतका गुणाचा आहे, तर विकला कोणी?" बाईंनी विचारले.

"काकू, लोकांना नवं हवं असतं."

"की जुन्यात काही खोट असते?"

सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने दुकानातलाच एक चकचकीत टॅबलेट पुढे केला. "आई, हा घे. ह्यात सगळं आहे."

"तेच तर! भरबाजारात बसून वाचायचं का मी?"

दुकानदाराने माझ्यातले एक पुस्तक स्वतः उघडून दिले. बाईंनी ओळीखाली पट्टी धरली. अक्षरे मोठी केली, की एखादी ओळ गळते का, ते तपासू लागल्या. एका वाक्यात एकच शब्द दोनदा पडला होता. हात सवयीने पर्सकडे गेला, पेन निघाले आणि कर्र!

"टॅबलेट नको म्हणून मुद्दाम केलंस ना?" मुलगा म्हणाला.

"चूक दिसली की हात थांबत नाही रे. तुला वाढवतानाही कुठे थांबला?"

दुकानदार हसला. ते हसू मला आवडले नाही. बाईंचे काम ऐकल्यावरच त्याने नेमके ते चुकांचे पुस्तक उघडले होते; रेघ पडली, की यंत्र गळ्यात मारणे सोपे.

शेवटी ठरले, की दोन्ही यंत्रे घरी न्यायची आणि संध्याकाळी एक परत करायचे. "हा परत आला तर सुट्या भागांच्या खोक्यात जाईल. रेघ पडलेला कोण घेणार?" दुकानदार म्हणाला. बाईंना दया यावी म्हणूनही म्हणाला असेल. पण खोके मी पाहिले आहे.

मित्रांनो, वाचायचे यंत्र निवडताना दुकानदाराचे ऐकू नका, मुलाचे नको, माझेही नको. आपल्या डोळ्याला विचारा. आणि एकदा घेतले, की वापरा; मोज्यांच्या खणात मोजेच ठेवा.

आता चार वाजले आहेत. घरी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून बाई दोन्हींवर एकच पुस्तक वाचून पाहत आहेत. माझ्यावर दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर त्यांच्या डोळ्यात पाणी आले. त्यांनी डोळा मिटून बराच वेळ विसावा घेतला. मग टॅबलेट उचलला. त्याच्या झगमगाटाने डोळा लवकर थकेल, यावर माझी सारी भिस्त होती. बाईंनी त्याचा उजेड अगदी मंद केला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दुसरे प्रकरण अर्धे झाले आहे. डोळा अजून कोरडा आहे.