मोरचूदाचा निळा काठ

“शेठ, तुमच्या पुडीतले जिवाणू जिवंत असतात, की मेलेलेच विकता?”

प्रश्न नेहाचा होता. शाळा सुटल्यावर टोकरखाड्याच्या नाक्यावर तिनं आणि सरितानं, दुर्गाच्या वर्गमैत्रिणींनी, पैज लावली, की खत-बियाण्यांच्या दुकानात जाऊन हे तोंडावर विचारायची दुर्गाची छाती नाही. दुर्गानं विचारलं, आणि तेही गिऱ्हाइकं उभी असताना. मागे दोघी ओढणीत तोंड खुपसून खिदळत होत्या. दुर्गा मात्र हसत नव्हती. किलवणीला तिच्या घरच्या शेतातला निम्मा कांदा बुडातून सडला होता आणि ती राहायची ती सगळी चाळ तिला ‘जंतूवाली’ म्हणत होती.

चाळीला तरी काय दोष द्यायचा? कांदा सडवणाऱ्या बुरशीला मातीतले चांगले जिवाणू डोकं वर काढू देत नाहीत, हे तिनंच पप्पांना पटवलं होतं. पप्पा, म्हणजे काळू, राखोलीच्या सूत कारखान्यात होता आणि शिफ्ट सुटली की वाट्यानं घेतलेली ही शेती बघायचा. रोज जेवताना तिनं त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे जिवाणूंची पुडी आली. आता तो म्हणत होता, उरलेल्या वाफ्यांत कांदा नको, आणि शेतात तुझी अक्कलही नको.

रमाकांत शेठनं चष्म्यावरून पाहिलं. “जिवंतच होते, बेन. तारीख बघून दिलेत, सावलीत ठेवलेले. पण तुझ्या पप्पांनी त्याच दिवशी मोरचूद पण नेलं. वेगळं मारलं ना?”

“मोरचूद?”

“एकाच ड्रममध्ये कालवलं असेल तर मेले. बुरशीचा जीव घेणारं ते, तुझ्या जिवाणूंना काय ओवाळणार?”

गिऱ्हाइकं हसली. नेहा हसायची थांबली. दुर्गानं सायकलला टांग मारली ती थेट किलवणीपर्यंत.

बांधावर ड्रम पालथा होता. तिनं तो सुलटा केला. आतल्या काठाला निळी रेघ होती, नखानं खरवडली तरी न जाणारी.

“पप्पा, हे काय आहे?”

काळू वाफ्यातून सडके कांदे उपटत होता. पलीकडे आई, मंगला, ते पाटीत भरत होती. “मोरचूद,” तो सहज म्हणाला. “तुझं औषध आणि ते. दोन औषधं एकदम, डबल पावर.”

“ते औषध नव्हतं!”

“मग काय होतं माय, पेढे?”

“जिवंत होतं ते. आई, तू विरजण लावताना दुधात फिनाइल ओततेस का?”

मंगलाचा पाटीतला हात थांबला.

“तुम्ही मारलंत ते,” दुर्गा म्हणाली. आवाज चढत होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. “आणि बदनाम मी झाले. पंपावर, नळावर, सगळीकडे. तुम्ही पण हसलात ना? चाळीतल्या लखनकाकाला सांगितलंत, पोरीच्या जंतूंनी कांदा खाल्ला म्हणून. मोरचूद टाकलं ते का नाही सांगितलंत?”

“मला काय माहीत त्यानं मरतं ते?”

“विचारायचं होतं. घरात होते मी.”

काळूनं हातातला कांदा दाबला. पिचकन पाणी आलं, वास आला. मंगला बोलली, नवऱ्याकडे न बघता. “मी म्हटलं होतं, पोरीला विचारा. तर म्हणे, दहावीतली पोरगी काय फवारणी शिकवणार.”

हे ऐकून दुर्गाचा राग अजूनच पेटला. म्हणजे आईलाही माहीत होतं.

कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली कांद्याच्या रोपांच्या जुड्या होत्या, उद्या शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकायच्या म्हणून काढलेल्या. तिनं गोणपाटासकट त्या उचलून छातीशी धरल्या. युनिफॉर्मवर चिखल उतरला.

“ही रोपं कुठं जाणार नाहीत. उद्या नवी पुडी आणणार, यांची मुळं मी त्यात बुडवणार, उरलेले वाफे मी लावणार. ड्रम नवा आणि माझा. पप्पा, तुम्ही त्याला हात लावायचा नाही. आणि आजपासून या घरात पुडीतल्या जिवाणूंना कुणी औषध म्हणायचं नाही. विरजण म्हणायचं.”